कोणी विचारत काऊन नाही?

सिव्हिलच्या पोरांना "सर्व्हे" म्हटलं की डम्पी लेव्हल, थिओडोलाइट आणि भर उन्हात हातात स्टाफ धरून उभं राहणं आठवतं. मेकॅनिकलवाल्यांना व्हर्निअर आठवतो, इलेक्ट्रिकलवाल्यांना मीटर. कॉम्प्युटरवाले म्हणतील, आमचं तर सगळंच लॉगमध्ये असतं. थोडक्यात काय, चार वर्षांत आपण मोजायलाच शिकतो. रीडिंग घेण्याआधी झिरो एरर बघा, लीस्ट काउंट लिहा, तीन रीडिंग घ्या, सरासरी काढा. (पहिल्या रीडिंगवरून उरलेली दोन "तयार" करणारे कलाकारही आपल्यातच आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो!)

पण मित्रहो, एक गोष्ट आपण कधीच मोजत नाही. आपण एकमेकांशी कसे वागतो, ही. हॉस्टेलमध्ये नवीन आलेल्या पोराला पहिले दोन महिने कसे जातात, वर्गात किती जणांना खरंच समजतं, मेसमध्ये कोण कोणाच्या टेबलावर बसतं आणि कोण रोज एकटाच जेवून उठतं, यावर आपल्याकडे मतं भरपूर आहेत, आकडा एकही नाही. कटिंग मारता मारता आपण ठरवून टाकतो, "आजकालच्या ज्युनिअर्सना रिस्पेक्टच नाही", "पोट्ट्यांना अभ्यासच नको आहे", "आपल्या कॉलेजचं कल्चरच असं आहे". हे "कल्चर" म्हणजे नेमकं काय, ते कोणी आणलं, आणि ते आपल्यातल्या किती जणांना खरंच हवं आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की हे विचारायला पाहिजे, आणि ते आपण विद्यार्थ्यांनीच, नीट पद्धत वापरून विचारायला पाहिजे. समाजशास्त्र हा काही फक्त आर्ट्सवाल्यांचा प्रांत नाही. नमुना, प्रश्नावली, नोंद, त्रुटी, फेरमोजणी, हे सगळे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. फक्त यंत्राच्या जागी माणूस आहे, म्हणून जास्त जपून काम करावं लागतं.

सगळ्यांनाच वाटतं की आपण एकटेच

आधी एक घरचं उदाहरण. आपल्या कॉलेजात अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बाळापूर, धारणी अशा गावांतून आलेली कितीतरी मुलं-मुली आहेत. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. इथे आल्यावर पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. सर फळ्यावर लिहितात, मागे वळून "एनी डाउट?" असं विचारतात, आणि वर्ग चिडीचूप. सरांना वाटतं, समजलं. ते पुढे जातात.

आमच्या विंगमध्ये पहिल्या वर्षी एकदा रात्री लाइट गेली आणि सगळे गॅलरीत येऊन बसले. गप्पा रंगल्या. त्यात एकाने अंधाराचा फायदा घेऊन विचारलं, "काऊन बे, ते पार्शल डिफरन्सिएशन तुमाले समजलं का?" दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून आवाज आला, "मले त पह्यल्या लेक्चरपासूनच नाई समजलं." मग दुसरा, तिसरा. महिनाभर माना डोलावणारे आम्ही सगळे एकाच नावेत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच ढ आहोत!

याचा अभ्यास झालेला आहे. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड केलेला मजकूर वाचायला दिला आणि सांगितलं, अडलं तर येऊन विचारा. कोणी उठून गेलं नाही. आपण लाजेपोटी उठलो नाही हे प्रत्येकाला माहीत होतं. पण दुसरा उठला नाही तेव्हा मात्र "त्याला समजलं असेल" असाच अर्थ त्यांनी काढला. पुढे १९९३ साली डेबोरा प्रेंटिस आणि त्याच मिलर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दल प्रश्न विचारले. तिथेही तेच. स्वतःला हे सगळं फारसं पटत नाही, पण बाकीच्यांना पटतं, असं बहुतेकांना वाटत होतं. म्हणजे ज्या "कल्चर"ला सगळे घाबरून होते, त्याला मनापासून मानणारे सगळ्यांना वाटत होते तेवढे नव्हतेच.

आता हे आपल्या हॉस्टेलला लावून बघा. रात्री अकरानंतर ज्युनिअरला "इंट्रो"साठी बोलावणं किती सिनिअर्सना खरंच आवडतं? की "आपण नाही गेलो तर बाकीचे काय म्हणतील" म्हणून खोलीत गर्दी होते? जर्नल सगळेच छापतात, मग मीच एकटा कशाला प्रॅक्टिकलला घाम गाळू, असं किती जणांना वाटतं? ती दोन "तयार" रीडिंगं इथेच येतात बरं का. "काऊन", "मले", "तुले" म्हणणाऱ्याची नक्कल झाली की खोलीभर हशा होतो. त्या हसणाऱ्यांतल्या कितीजणांच्या स्वतःच्या घरी आई तेच बोलते? मला उत्तर माहीत आहे असा माझा दावा नाही. पण हे प्रश्न मोजता येण्यासारखे आहेत आणि आकडा बाहेर आला तर बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडेल, एवढं मात्र नक्की वाटतं.

नियम तर आधीपासूनच आहे

कोणी म्हणेल, ही काय नवीन टूम काढली! टूम नवीन नाहीच. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालचा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, हे आपल्या नोटीस बोर्डावर दर वर्षी लागतं. २००९ साली यूजीसीने देशभरासाठी नियम केले. प्रवेश घेताना आपण आणि आपल्या पालकांनी जे प्रतिज्ञापत्र भरलं, ते त्यातूनच आलं. पण त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कोणी वाचत नाही. शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत, दर पंधरा दिवसांनी, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये निनावी सर्वेक्षण करावं, आणि त्याची पद्धत संस्थेने स्वतः ठरवावी, असं त्यात म्हटलं आहे.

बघा, "पद्धत स्वतः ठरवावी"! म्हणजे डिझाइन प्रॉब्लेमच दिला आहे आपल्याला.

२०१६ साली या नियमांत दुरुस्ती झाली. रॅगिंगच्या व्याख्येत जात, धर्म, वर्ण, लिंग यांच्या जोडीला भाषिक ओळख, प्रदेश, राहण्याचं ठिकाण आणि आर्थिक परिस्थिती यांवरून होणारा शारीरिक किंवा मानसिक छळही आला. म्हणजे मेळघाटातून आलेल्या मुलाला रोज "जंगली" म्हणून छळणं किंवा कोणाच्या वऱ्हाडी बोलीवरून त्याचं तोंड उघडणं बंद करणं, ही "गंमत" राहिलेली नाही. नियमात तिला नाव आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची. २००९ चे हे नियम झाले तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ प्रा. सुखदेव थोरात. ते आपल्या अमरावती जिल्ह्यातले. त्याआधी, २००६ साली, दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक मिळते या तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमली गेली, तिचे प्रमुखही तेच होते. समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. समितीने विद्यार्थ्यांनाच प्रश्न विचारले. वर्गात, परीक्षेत, हॉस्टेलमध्ये, मेसमध्ये, खेळाच्या मैदानावर नेमकं काय होतं? त्यातून हॉस्टेलच्या ठराविक मजल्यांवर ही मुलं कशी एकवटली गेली होती, हेही नोंदलं गेलं. कोण कुठल्या मजल्यावर राहतं, ही किती साधी माहिती! खोल्यांच्या यादीत ती असतेच. पण कोणी विचारल्याशिवाय ती दिसत नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते "सर्व्हे" कसा होतो इथे. वर्गात फॉर्म वाटायचे, पाच मिनिटांत गोळा करायचे. बऱ्याच ठिकाणी वर रोल नंबर लिहायचा, म्हणजे निनावीपणाची तिथेच वाट लागली. समोर सर उभे, बाजूला ज्याच्याबद्दल लिहायचं तोच बसलेला, आणि इंटर्नलचे मार्क अजून व्हायचे. अशा वेळी कोण खरं लिहील? सगळीकडे "एक्सलंट"वर टिक! त्या फॉर्मची बेरीज करून कॉलेज उत्तम चाललं आहे असं लिहिणं, म्हणजे झिरो एरर न बघता रीडिंग घेण्यासारखंच आहे.

चपला झिजवणारे संशोधक

हे काम विद्यार्थ्यांनीच करावं असं मी म्हणतो, त्याला आधार आहे. मुंबईत "पुकार" नावाची संस्था आहे. मूळचे मुंबईचे मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. २००५ पासून या संस्थेने तरुणांसाठी एक फेलोशिप चालवली. साधारण दहा-बारा तरुणांचा एक गट. त्यात वस्तीतली मुलं, कॉलेजची मुलं, शिक्षण अर्धवट सुटलेली मुलंही. गटाने आपल्या स्वतःच्या जगण्यातला एक प्रश्न निवडायचा आणि वर्षभर त्याचा अभ्यास करायचा. मुलाखती घ्यायच्या, नोंदी ठेवायच्या, फोटो काढायचे आणि शेवटी आपल्याच लोकांसमोर निष्कर्ष मांडायचे. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. त्यांना नाव मिळालं "बेअरफूट रिसर्चर", म्हणजे अनवाणी संशोधक. नवजात बालकांच्या तज्ज्ञ डॉक्टर अनिता पाटील-देशमुख यांनी अमेरिकेतून परत येऊन बरीच वर्षं ही संस्था सांभाळली. अप्पादुराईंनी २००६ साली एका लेखात म्हटलं की संशोधन करणं हा प्रत्येकाचा हक्क मानला पाहिजे. आपल्याला जे माहीत नाही ते पद्धतशीरपणे शोधून काढण्याची ताकद फक्त प्राध्यापकांकडे राहिली, तर बाकीच्यांनी आपल्याच आयुष्याबद्दल दुसऱ्याचं ऐकत बसायचं का?

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं, "असर"चं. प्रथम संस्थेचं हे सर्वेक्षण २००५ साली सुरू झालं. जिल्ह्यातल्या ३० गावांत, प्रत्येक गावात २० घरी जाऊन मुलांना अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट वाचायला द्यायची, वजाबाकी-भागाकार द्यायचा. आणि हे कोण करतं? जिल्ह्यातल्याच स्थानिक संस्था आणि कॉलेजची मुलं-मुली. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतही हे होत आलं आहे. गावाचे चार भाग पाडायचे आणि प्रत्येक भागातून दर पाचवं घर घ्यायचं, एवढी साधी पद्धत. त्यातून देशाला कळलं की ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. शाळेत पट होता, हजेरी होती, निकालही होता. फक्त मुलाजवळ खाली बसून "हे वाच बरं" असं कोणी म्हटलं नव्हतं.

या दोन्हींतून मी एक गोष्ट घेतो. चांगल्या मोजणीला मोठी पदवी लागत नाही. साधा प्रश्न, ठरलेली पद्धत आणि ज्याला विचारतो त्याचा विश्वास लागतो. यातला विश्वास हॉस्टेलमध्ये कोणाकडे आहे? बाहेरून आलेल्या समितीकडे नाही. रेक्टर सर कितीही चांगले असले तरी त्यांच्याकडेही पूर्ण नाही, कारण शिक्षा देणंही त्यांच्याच हातात असतं. शेजारच्या खोलीतल्या मित्राला माणूस जे सांगतो, ते तो कोणत्याही फॉर्मवर लिहीत नाही.

आता पद्धत बघू

बोलणं सोपं आहे, म्हणून मी इथे एक आराखडाच देतो. त्यात चुका काढा, सुधारा, पण करून बघा.

पहिलं, विषय एकच घ्या आणि छोटा घ्या. "विद्यार्थ्यांच्या समस्या" हा विषय नव्हे. "वर्गात शंका न विचारणं" हा विषय आहे. "नवीन मुलाचे हॉस्टेलमधले पहिले ३० दिवस" हाही विषय आहे. मुलींच्या हॉस्टेलचा गेट बंद होण्याची वेळ आणि लायब्ररीची वेळ यांचा ताळमेळ लावला तर मुलींना लायब्ररी मुलांपेक्षा आठवड्यात किती तास कमी मिळते, हाही उत्तम विषय आहे. त्याला तर प्रश्नावलीसुद्धा लागत नाही, घड्याळ आणि वही पुरे. पण तो मुलींनीच करावा. त्यांचा प्रश्न त्यांच्या हातात.

दुसरं, प्रश्न असा विचारा की उत्तर तोंडात घातलं जाणार नाही. "रॅगिंग वाईट आहे ना?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतील आणि हाती काहीच लागणार नाही. त्यापेक्षा "मागच्या १५ दिवसांत रात्री ११ नंतर कोणी तुला दुसऱ्या खोलीवर बोलावलं का? किती वेळा?" असं विचारा. मत विचारण्याआधी घडलेली गोष्ट विचारा.

तिसरं, प्रश्नांची जोडी करा. एक स्वतःबद्दल, एक इतरांबद्दल. "न समजलेलं वर्गात विचारायला तुला संकोच वाटतो का?" आणि "तुझ्या वर्गातल्या दहा जणांपैकी किती जणांना वाटत असेल?" या दोन उत्तरांतला फरक हीच आपली खरी कमाई. समजा, पहिल्याला बहुतेकांनी "हो" म्हटलं आणि दुसऱ्याला "दोन-तीन" म्हटलं, तर रोग सापडला! आणि तसं नाही निघालं, संकोच खरंच थोड्यांनाच असला, तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. तेही चालेल. मोजायचं ते त्यासाठीच.

चौथं, कोणाला विचारायचं? गेटबाहेरच्या टपरीवर जे भेटतील त्यांना विचारलं तर टपरीवर बसणाऱ्यांचंच मत मिळेल. जो खोलीतून बाहेरच पडत नाही, तो तुमच्या हाती लागणारच नाही, आणि बहुधा त्याचंच ऐकणं सगळ्यांत गरजेचं असतं. म्हणून खोल्यांची यादी घ्या, पहिली खोली चिठ्ठी टाकून ठरवा आणि तिथून पुढे दर पाचवी खोली. शनिवारी अर्धं हॉस्टेल एसटीने गावी गेलेलं असतं. कुलूप दिसलं तर शेजारच्या खोलीवर भागवू नका, सोमवारी परत जा. आळस केला तर ज्यांचं गाव जवळ, ते सगळे हिशेबातून सुटतील.

पाचवं, निनावी म्हणजे खरंच निनावी. हाताने लिहायला लावू नका, अक्षर ओळखू येतं. फक्त खुणा करायच्या. चिठ्ठी बंद डब्यात. ऑनलाइन फॉर्म सोपा वाटतो, पण त्यात ईमेल नोंदला जात नाही ना, हे आधी सगळ्यांना दाखवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, छोट्या गटाचा आकडा कधी वेगळा छापू नका. एखाद्या ब्रँचमध्ये दोनच आदिवासी मुलं असतील आणि तुम्ही "या गटातल्या एकाने त्रास झाल्याचं सांगितलं" असं लिहिलं, तर नाव न लिहिताही तुम्ही त्याचं नाव सांगितलंत! पाचपेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा दुसऱ्या गटात मिळवा. जात, भाषा, गरिबी हे विषय टाळायचे नाहीत, पण ते हाताळताना कोणाच्या अंगावर येणार नाहीत याची काळजी आपली. ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याला "नाही" म्हणता आलं पाहिजे, आणि "काऊन नाही?" असं कोणी विचारायचं नाही. आणि कोणी बोलता बोलता गंभीर त्रासाबद्दल सांगितलं, तर ते वहीत लिहून पुढे जायचं नाही. त्याच्या बरोबर मदतीपर्यंत चालत जायचं. संशोधन दुसऱ्या दिवशीही होईल.

सहावं, निकाल आधी ज्यांनी उत्तरं दिली त्यांना सांगा. मेसच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा, मराठीत, सगळ्यांना कळेल असा. मग एक बदल ठरवा, एकच. आणि सहा महिन्यांनी तेच प्रश्न, तशाच पद्धतीने, पुन्हा विचारा. लेव्हलिंगमध्ये बेंचमार्कशिवाय पुढचं एकही रीडिंग कामाचं नसतं. पहिली मोजणी हा आपला बेंचमार्क.

मोजून पुढे काय?

हा प्रश्न रास्त आहे. अहवाल कपाटात जाणार असेल तर एवढा खटाटोप कशाला?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात २०१२-१३ या शैक्षणिक वर्षात ५६ शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. एलिझाबेथ पॅलक, हॅना शेफर्ड आणि पीटर ऍरोनॉव यांनी तो केला, २०१६ साली प्रसिद्ध केला. २४,१९१ विद्यार्थी त्यात होते. आधी सगळ्या मुलांना विचारलं, तुम्ही कोणाकोणाबरोबर वेळ घालवता? त्यातून शाळेतल्या नात्यांचा नकाशाच तयार झाला. मग चिठ्ठी टाकून निवडलेल्या निम्म्या शाळांत मुलांचा एक छोटा गट, तोही चिठ्ठी टाकूनच निवडला. आपल्या शाळेत कशावरून भांडणं होतात, कोण कोणाला त्रास देतं, हे त्या मुलांनीच ठरवलं. पोस्टर्स त्यांनीच केली. कोणी भांडण मिटवताना किंवा कोणाशी चांगलं वागताना दिसलं की त्याला नारिंगी रंगाचा मनगटपट्टा द्यायचा, असं काहीबाही त्यांनी केलं. वर्षभरात त्या शाळांमध्ये भांडणांच्या शिस्तभंग तक्रारी बाकीच्या शाळांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि ज्या गटांत इतर मुलं ज्यांच्याकडे बघतात अशी मुलं जास्त होती, तिथे परिणाम अधिक दिसला.

इथे आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे. आपण सुधारणेची जबाबदारी नेहमी जीएसला, सीआरला नाहीतर टॉपरला देतो. पण विंगमधली पोरं खरं कोणाकडे बघतात? कदाचित कॅरमवर बसणाऱ्या त्या एटीकेटीवाल्या सिनिअरकडे! त्याने एकदा सहज म्हटलं, "सोड बे त्याले, कायले त्रास देतं", तर प्राचार्यांच्या दहा नोटिसांपेक्षा जास्त काम होतं. तो कोण आहे हे मोजणीशिवाय कळत नाही.

दोन शब्द शंकाखोरांना, दोन गुरुजनांना

मित्र म्हणतील, "सबमिशन, ओरल, प्लेसमेंट, यातून टाइम कोणाकडे आहे?" वेळ नाही हे खरंच आहे. पण वर सांगितलेलं काम चार जणांनी वाटून घेतलं तर तीन-चार संध्याकाळचं आहे. गॅदरिंगच्या एका नाटकाच्या तालमीला यापेक्षा जास्त लागतात. दुसरे म्हणतील, "आम्हालाही झालं होतं इंट्रो, काही मेलो नाही." बरोबर आहे. पण जे सोडून गेले, ते हे सांगायला इथे कुठे आहेत? जे टिकले त्यांनाच विचारून "टिकता येतं" असं म्हणायचं, यात नमुन्याचीच गडबड आहे.

आदरणीय सर आणि मॅडम, तुमच्या मनातली भीतीही समजते. उद्या आकडे बाहेर जातील, कॉलेजचं नाव खराब होईल, कोणा एका शिक्षकावर शेरेबाजी होईल. म्हणूनच आराखड्यात व्यक्तीचं नाव विचारणारा एकही प्रश्न नको, असं मी स्वतःच म्हणतो. प्रश्न सवयीबद्दल असावेत. प्रश्नावली आधी तुम्ही वाचा, चुका सांगा. स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या सरांनी नमुना तपासून दिला तर सोन्याहून पिवळं. तुमच्याकडून फक्त दोन गोष्टी हव्यात. कोणी काय लिहिलं हे शोधायचं नाही, आणि निकाल न आवडला तरी कागद भिंतीवरून काढायचा नाही. आमच्या वर्गातल्या शांततेचा त्रास तुम्हालाही होतोच की. "एनी डाउट?" विचारून भिंतीकडे बघत राहणं कोणत्या शिक्षकाला आवडतं?

वऱ्हाडात हॉस्टेल हा आधीपासून माणसं बदलण्याचा प्रयोग राहिला आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९२० च्या दशकात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, तेव्हा वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहतील, एकत्र जेवतील, हीच मोठी गोष्ट होती. त्यानंतर १९३२ साली त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आणि ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे ते गाडगेबाबा, याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. शाळेत गेले नाहीत, पण त्यांच्या कीर्तनात प्रवचन कमी आणि प्रश्न जास्त असत. लोकांना विचारायचे, लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे. आणि कीर्तनाआधी गाव झाडून काढायचे. कुठे किती घाण आहे हे त्यांना कोणाच्या अहवालातून कळत नव्हतं.

तर राजेहो, पुढच्या सत्रासाठी माझा प्रस्ताव असा. नवीन बॅच आली की तिसऱ्या आठवड्यात, प्रत्येक विंगमधून दोघं, मुलींच्या हॉस्टेलमधूनही, रविवारी जेवणानंतर मेसमध्ये जमू. खोल्यांची यादी रेक्टर सरांकडून मागू. त्या दिवशी प्रश्न दोनच ठरवू, शंका विचारण्याबद्दलचे. डबा आमच्या विंगमध्ये रिकामा पडला आहे, बिस्किटांचा, मोठा. झाकणाला चीर मी पाडून आणतो.